टोकियोत फिरायचं आणि खरेदी करायची तर आधी देऊळ, मग पेठ

सांगलीत आपण गणपतीला गेलो की काय करतो, आधी दर्शन घेतो आणि तिथून बाहेर पडून गणपती पेठेत नाहीतर मारुती रोडला जी काय खरेदी असेल ती उरकून घरी येतो. टोकियोत पण डिट्टो हेच करायचं. गंमत करत नाहीये, त्याला कारण आहे. तिथली देवळं आणि बागा सकाळी लवकर उघडतात, बऱ्याच ठिकाणी तिकीट नाही, आणि दुकानं मात्र १०-११ शिवाय शटर वर करत नाहीत. आम्ही (मी, मिसेस आणि आई) पहिल्याच दिवशी उत्साहात साडेआठला गिंझाला, म्हणजे तिथल्या मोठ्या खरेदीच्या भागात, जाऊन उभे राहिलो, सगळं बंद, बसायला बाकडं पण धड सापडेना, आई म्हणाली "एवढ्या लांब येऊन शटरं बघायची होती का". त्या दिवसापासून नियम केला, सकाळी देऊळ किंवा बाग, दुपारनंतर त्याच्याच शेजारचा बाजार. एका दिवसात एकच भाग, इकडून तिकडं उड्या मारायच्या नाहीत.

जायच्या आधीचं पटकन सांगतो. व्हिसाचा अर्ज व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) सेंटरमधून होतो आणि आता ई-व्हिसा मिळतो, पण तो एअरपोर्टवर मोबाईलमध्ये नेट चालू करून लाईव्ह दाखवावा लागतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, त्यामुळं ई-सिम किंवा रोमिंग आधीच टाकून ठेवा. 'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या साइटवर घरीच इमिग्रेशन-कस्टमची माहिती भरून क्यूआर कोड काढा. कॅश लागतेच, छोट्या दुकानात अजून नोटाच चालतात, आणि आपलं कार्ड सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमला चालतं. १०० येन म्हणजे ढोबळमानानं ५५-६० रुपये धरा, रेट हलत असतो, जाताना बघून घ्या.

राहायला असाकुसा किंवा उएनो बघा. दोन्हीकडं नारिता एअरपोर्टवरून केइसेई कंपनीच्या ट्रेननं थेट येता येतं, बॅगा घेऊन गाड्या बदलायला लागत नाहीत, आणि हॉटेलं शिंजुकू-शिबुयाच्या मानानं स्वस्त. एअरपोर्टवरच सुईका कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे आणि टॅप करत सुटायचं, ट्रेन, बस, लॉकर, पाण्याची बाटली सगळ्याला तेच. यामानोते लाईन पाठ करा, ती गोल फिरते, ३० स्टेशनं, पूर्ण चक्कर साधारण तासाभराची, म्हणजे चुकून उलट्या दिशेला बसलात तरी उशिरा का होईना पोचता. मेट्रोचा २४, ४८, ७२ तासांचा पास मिळतो तो चांगलाय पण तो यामानोतेला चालत नाही कारण ती जेआर नावाच्या वेगळ्या रेल्वे कंपनीची, आम्ही गेटवर दोनदा अडकलो मग कळलं. अजून एक, स्टेशनचं नाव कळून भागत नाही, एक्झिटचा नंबर बघा, शिंजुकूला दोनशेच्या वर एक्झिट आहेत, चुकीच्या बाजूनं बाहेर पडलात तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा. आणि सकाळी साडेसात ते नऊ लोकलला जाऊ नका, मुंबईची आठवण येते.

आता पहिला दिवस, असाकुसा. सेन्सोजी देवळाला सकाळी सातच्या सुमाराला जा. कामिनारिमोन म्हणजे तो मोठ्ठा लाल कंदील लटकवलेला दरवाजा, दहानंतर तिथं फोटो काढायला मारामारी असते, सातला फक्त आजूबाजूची आजोबा मंडळी फिरायला आलेली असतात. कथा अशी की ६२८ साली दोन भावांना सुमिदा नदीत मासे पकडताना जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती सापडली, त्याचं हे देऊळ. नदीत मूर्ती सापडल्याची गोष्ट आपल्या कृष्णाकाठच्या माणसाला काय वेगळी सांगायची. मुख्य मंडप मात्र १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये जळाला होता, आत्ताचा १९५८ चा. तिथं १०० येन टाकून चिठ्ठी काढतात, ओमिकुजी, वाईट भविष्य निघालं तर ती तिथल्याच तारेला बांधून यायची, आणि या देवळात वाईट निघण्याचं प्रमाण जरा जास्त म्हणून प्रसिद्ध आहे, तेव्हा मनावर घेऊ नका. मिसेसची वाईट निघाली, तिनं परत काढली, परत वाईट, मग मीच तिला ओढत नेलं.

बहुतेक टुरिस्ट इथूनच परत फिरतात. तुम्ही तसं करू नका, नदीच्या कडेनं दहा-पंधरा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेनला जा. छोट्या टेकाडावरचं शांत देऊळ, आणि इथला देव म्हणजे कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच की! बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला पोचलेला. मूर्ती बघायला मिळत नाही, ती कायम झाकलेली असते, पण आपण दूर्वा-मोदक वाहतो तसा इथं मुळा वाहतात. पांढरा जाडजूड मुळा, दाइकोन. देवळातच विकायला असतो, आणि भिंतीवर, पायऱ्यांवर सगळीकडं जोडमुळ्याचं आणि पैशाच्या बटव्याचं चिन्ह. आईनं मुळा घेतला, वाहिला, हात जोडून अथर्वशीर्ष म्हणलं, शेजारची जपानी आजी तिच्याकडं बघून वाकली, ही पण वाकली, दोघींचं बराच वेळ वाकणंच चाललं होतं. आम्ही स्काय ट्री टॉवरच्या तिकिटाला जेवढे पैसे घातले त्यापेक्षा ही फुकटची जागा लै भारी वाटली, हे माझं मत.

तिथून परत फिरून काप्पाबाशी. ही हॉटेलवाल्यांची भांडी-बाजारपेठ, तावारामाची स्टेशनजवळ, रस्त्याच्या तोंडाला एका बिल्डिंगवर शेफचं भलं मोठं डोकं बसवलंय, तीच खूण. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा सोम ते शनि जा. इथं लाकडी चमचे, बांबूच्या चाळण्या, चिनीमातीचे बाऊल, शोकेसमध्ये ठेवायचे मेणाचे वाटावेत असे प्लॅस्टिकचे खोटे पदार्थ, काय नाही ते बोला. पण घ्यायची वस्तू एकच, सुरी.

सुरीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथंच लोक फसतात, दुकानदार फसवत नाही, आपणच भलतं घेतो. भाजी चिरायला 'नाकिरी' मागा, चौकोनी पातं, कोथिंबीर, कोबी, कांदा सगळं सपासप. सगळ्या कामाला एकच हवी असेल तर 'सांतोकू'. लांबडी, एकाच बाजूनं धार असलेली सुशीवाल्यांची सुरी दिसायला झकास पण आपल्या काही कामाची नाही, आणि ती उजव्या-डाव्या हाताची वेगळी येते. मग पोलाद. 'हागाने' म्हणजे साधं कार्बन स्टील, धार जबरदस्त पण पुसून नाही ठेवली तर गंजते, आपल्याकडं पावसाळ्यात ओट्यावर ओली राहिली की दुसऱ्या दिवशी तांबडी. ज्या घरात चार माणसं स्वयंपाकघरात हात घालतात तिथं गुपचूप स्टेनलेस घ्या. नारळ, हाडं, फ्रोझन काही तिच्यावर तोडायचं नाही, पातं टणक असतं त्यामुळं कडेचा तुकडा उडतो, नारळाला आपला कोयताच बरा. सोबत १००० नंबरचा धारेचा दगड घ्या, घरातली जुनी विळी पण त्यावर छान लागते. काही दुकानात पात्यावर नाव कोरून देतात, आईचं नाव काताकाना या जपानी लिपीत कोरून घेतलं, आता ती सुरी कुणालाच वापरता येत नाही, नुसती दाखवायला काढतात. आणि सुरी चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमध्ये सापडली की गेली.

याच रस्त्यावर आणि अकिहाबाराला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, राइस कुकर बघून मोह होतो. थांबा! जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडं २३०. मी शहाणपणा करून कुकर आणला, विश्रामबागला घरी आल्यावर प्लग जोडला, फट्‌ आवाज आणि वास, संपला विषय. कुकर, केस वाळवायचा ड्रायर, टोस्टर, काहीही गरम होणारं घेऊ नका, घ्यायचंच तर खालच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. मोबाईल, कॅमेऱ्याचे चार्जर बहुतेक दोन्हीवर चालतात, फक्त तिथल्या प्लगला दोन चपट्या पिना, त्याचा अडॅप्टर इथूनच घेऊन जा.

दुसरा दिवस उएनो. सकाळी शिनोबाझु तळ्याच्या मधोमध बेंतेन-दो हे देऊळ, इथली देवी बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, जपानी चित्रांत तिच्या हातात सहसा वीणेऐवजी बिवा नावाचं वाद्य असतं. उन्हाळ्यात तळं कमळांनी भरतं. मग नॅशनल म्युझियम, सोमवारी बंद असतं बरं का. दुपारी अमेयोको, रेल्वे पुलाच्या कडेकडेनं जाणारा बाजार, युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून तयार झालेला, जपानमध्ये भाव करता येईल अशी जवळपास हीच जागा, दुकानदार ओरडून बोलावतात, आपल्याला घरच्यासारखं वाटतं. सुकामेवा, चहा, बूट, बॅगा इथं. बूट सेंटिमीटरमध्ये मोजतात, पायाची लांबी आधी मोजून जा. कपड्यात त्यांचा एल आपल्या एम सारखा बसतो, घालून बघितल्याशिवाय काही घेऊ नका. अकिहाबारा तिथून चालत जाता येतं, पोरांना कार्टूनच्या बाहुल्या हव्या असतील तर जा, नाहीतर नाही गेलं तरी चालतं.

तिसरा दिवस मेइजी जिंगू देऊळ. हाराजुकू स्टेशनला उतरलं की समोर घनदाट झाडी, वाटतं जुनं जंगल असेल, पण १९२० ला देऊळ झालं तेव्हा देशभरातून लोकांनी दिलेली लाखभर झाडं लावून केलेलं आहे ते, म्हणजे आपल्या सागरेश्वरच्या जंगलासारखं माणसानं उभं केलेलं. सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद. बाहेर आलं की ताकेशिता गल्ली, तिथं दाइसो हे स्वस्त वस्तूंचं दुकान, टॅक्स धरून बहुतेक वस्तू ११० येनला. पेन, वह्या, चिकटपट्ट्या, डबे, ऑफिसातल्या पंधरा माणसांना द्यायचं सगळं तिथं उरकतं. शिबुयाचं क्रॉसिंग, म्हणजे तो प्रसिद्ध गर्दीचा चौक, संध्याकाळी बघा, आणि रात्री शिंजुकूला सरकारी बिल्डिंगच्या ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, फुकट गॅलरी आहे. हिवाळ्यात दिवसा आकाश स्वच्छ असलं तर तिथून फुजी पण दिसतो.

खाण्याचं. शाकाहारी माणसानं एक शब्द लक्षात ठेवायचा, 'दाशी', माशाचं पाणी, नूडल्स, सूप, भाजी, सगळ्यात असतं, नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाच्या हॉटेलात वीगन रामेन (नूडल्स) मिळतं, आम्ही तिथं तीनदा गेलो. बाकी सोबत भडंग आणि चकली होतीच, पण मांसाचं काही, ताजी मिरची, कढीपत्ता, फळं, बिया असलं काही नेऊ नका, तिथं क्वारंटाइनचे नियम कडक आहेत. गिफ्टसाठी गोड घेताना जिलेटिन आहे का ते मोबाईल ट्रान्सलेटनं वाचून घ्या.

टॅक्स-फ्री. वस्तूंवर १० टक्के टॅक्स असतो, पार्सल खाण्यावर ८. एकाच दुकानात एका दिवशी टॅक्स सोडून ५,००० येनची खरेदी झाली की परदेशी टुरिस्टला माफी, मूळ पासपोर्ट जवळ पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. आतापर्यंत काउंटरवरच टॅक्स कापून देत, १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र आधी टॅक्ससकट पैसे द्यायचे आणि परत निघताना एअरपोर्टवर कस्टमची तपासणी झाली की रिफंड, म्हणजे घेतलेल्या वस्तू बॅग चेक-इन करायच्या आधी हाताशी ठेवा. ५,००० ची अट एकाच दुकानाची आहे, म्हणून दहा दुकानात थोडं थोडं घेण्यापेक्षा एका दुकानात एकदम घेतलेलं परवडतं.

बॅगेचं वजन रोज रात्री हाताच्या काट्यावर करा, शेवटच्या रात्री नाही. लक्षात ठेवा की मुंबईत उतरून याच बॅगा पुढं महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये पण चढवायच्या आहेत आणि तिथं ट्रॉली नसते. निघताना खिशात चिल्लर उरतेच आणि नाणी आपल्याकडं कुणी बदलून देत नाही, त्यासाठी नारितावर गाचापोनची मशीनं आहेत, नाणी टाका, दांडा फिरवा, प्लॅस्टिकचा गोळा पडतो. आमच्या गोळ्यातून कोळंबीची सुशी निघाली, बोटाएवढी, रबरी. आमच्या शुद्ध शाकाहारी घरात ती आता टीव्हीवर बसलेली असते.