नासला कायमचा पत्ता द्या, दुसरी केबल नंतर

पहिल्या पावसात दादरच्या एका मित्राच्या फोटो स्टुडिओत लाइट गेली, आली, आणि लगेच त्याचा फोन: "अरे, नास उडाला वाटतं!" नास म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या कॉम्प्युटरना फायली पुरवणारा साठवणुकीचा डबा. नावावर जाऊ नका, डबा ठणठणीत होता. राउटर रीस्टार्ट झाल्यावर त्याने नासला नवा आयपी पत्ता दिला होता आणि सगळे कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसले होते.

म्हणून आधी पत्ता पक्का करा. राउटरमध्ये डीएचसीपीची, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची, रेंज बघा. समजा ती 192.168.1.100 ते 200 आहे, तर नासला तिच्या बाहेरचा, कोणी न वापरलेला 192.168.1.20 द्या. नासच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'मॅन्युअल' निवडा. सबनेट मास्क 255.255.255.0, गेटवे आणि डीएनएस म्हणजे राउटरचा पत्ता. सेव्ह केलं की ब्राउझरचं पान लटकेल. लटकू दे, नवा पत्ता टाकून आत शिरा.

आता तिथेच लिंक स्पीड बघा. 1000 (एमबीपीएस, म्हणजे एक गिगाबिट) हवा. 100 दिसला तर बहुतेक वेळा दोषी केबलच. गिगाबिटला आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात. त्यामुळे क्रिम्प करताना, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, एक तार नीट बसली नाही तरी नेट चालू राहतं आणि कुणाला संशय येत नाही. फरक मात्र भयंकर: 50 जीबीचे लग्नाचे फोटो असले तर जे काम साडेसात-आठ मिनिटांत उतरायचं ते सव्वा तास घेतं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून तयार कॅट सिक्स केबल आणा, हाताने क्रिम्प करत बसू नका.

नासला दोन पोर्ट असतील तर दोघांना एकाच सबनेटमधले (इथे 192.168.1 ने सुरू होणारे) वेगळे पत्ते देऊ नका, बाँड करा, म्हणजे दोन्ही पोर्ट जोडून एकच बनवा. कायमचा पत्ता मग बाँडला द्यायचा. बाँडच्या एलएसीपी प्रकारात दोन्ही केबल एकदम चालतात, पण त्याला ते समजणारा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच लागतो. साधा स्विच असेल तर ॲक्टिव्ह-बॅकअप निवडा, त्यात एक केबल चालते आणि दुसरी राखीव राहते. एलएसीपीने एका कॉम्प्युटरची कॉपी दुप्पट वेगाने होत नाही, एकाच वेळी अनेकजण काम करत असतील तरच फायदा.

एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, 1500 च राहू द्या. मी एकदा हौसेने 9000 केला. पिंग (छोटं पाकीट पाठवून केलेली तपासणी) चालायचं, फोल्डर उघडायचे, मोठी फाइल उचलली की सगळं थिजायचं. मधल्या जुन्या स्विचला जंबो फ्रेम, म्हणजे एवढी मोठी पाकिटं, झेपत नव्हत्या, आणि हे कळायला माझी अख्खी संध्याकाळ गेली.

बाँड केला असेल तर शेवटी मोठी फाइल कॉपीला लावून एक केबल उपटा. क्षणभर अडखळून कॉपी पुढे सरकली, तर केबल परत लावा आणि दुसरी उपटून बघा.