घरच्या द्राक्षांचं व्हिनेगर: रस आंबून झाला का, हे बघताना या चुका टाळा

बागेची काढणी उरकली की तासगाव, पलूस, मिरज भागात घडातून सुटलेल्या मण्यांच्या पाट्या घरात येऊन पडतात. त्यांचं व्हिनेगर फार चांगलं होतं. पण बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: रस पुरता आंबायच्या आत बरणीचं तोंड उघडलं जातं.

व्हिनेगर दोन टप्प्यांत होतं. आधी यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, मग हवेच्या संगतीत जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात. पहिला टप्पा अर्धवट असताना हवा लागली तर तयार होणारं ॲसिड यीस्टलाच मंद करतं. साखर तशीच उरते आणि हाती येतं गोडसर, मिळमिळीत, बुरशी धरणारं पाणी. त्यामुळे पहिला टप्पा संपला कधी, हे ओळखण्यातच खरी मेख आहे. (या टप्प्यात अल्कोहोल असतं, म्हणून प्रमाण घरापुरतंच ठेवा. विकायचा विचार असेल तर आधी उत्पादन शुल्क कार्यालयात चौकशी करा.)

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक रिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून साखर सांगणाऱ्या यंत्राची. बागायतदाराच्या घरी तो असतोच. माल उतरवायच्या आधी मण्याचा थेंब काचेवर टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, बघायची सवय हाताला लागलेली असते. ताज्या रसाला तो अगदी बरोबर आहे. पण आंबायला सुरुवात झाली की रसात अल्कोहोल येतं, ते प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वळवतं, आणि यंत्र त्यालाही साखरच समजतं. 12 ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला तरी रिफ्रॅक्टोमीटर 4 च्या आसपास दाखवतो. माणूस म्हणतो अजून साखर आहे, आणि आठवडाभर उगाच थांबतो. किंवा आंबणं अडकलं असं समजून पुन्हा यीस्ट, पुन्हा गूळ घालत बसतो. रिफ्रॅक्टोमीटर फक्त पहिल्या दिवशी वापरा. त्या दिवशी रस 18 ब्रिक्सचा निघाला तर लिटरला अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी घालून तो 12 वर आणा. त्यातून साधारण 6-7 टक्के अल्कोहोल होतं, व्हिनेगरच्या जिवाणूंना ते झेपतं. पाणी न घालता 20 ब्रिक्सचा रस आंबवला तर अल्कोहोल 10 टक्क्यांच्या वर जातं आणि दुसरा टप्पा रखडतो.

पुढच्या दिवसांसाठी हायड्रोमीटर लागतो, रस किती दाट आहे ते ब्रिक्समध्ये दाखवणारी काचेची ती तरंगणारी नळी. तिच्यातही घोटाळे होतात. रस फडक्यातून गाळून उंच भांड्यात घ्या आणि दोन भांड्यांत वरखाली ओतून त्यातला गॅस घालवा. मग नळी बोटांनी हलकेच फिरवून सोडा. बुडबुडे नळीला चिकटले की ते तिला वर उचलतात आणि आकडा चढा दिसतो. रसाची कडा काचेवर चढलेली असते, तिथला आकडा घेऊ नका. डोळा पातळीत आणून सपाट भागाचा घ्या. नळीवर तापमान लिहिलेलं असतं, बहुधा 20 अंश. आपल्या उन्हाळ्यात 35 अंशांच्या रसात ती जवळजवळ 1 ब्रिक्स कमी दाखवते. मोजलेला रस बरणीत परत ओतू नका, चाखून बघा. गोडी जिभेवर राहिली असेल तर काम बाकी आहे.

एकदा मोजून काही ठरत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं आकडा तोच आला तरच आंबणं थांबलं म्हणायचं. 12 ब्रिक्सपासून सुरू केलं असेल तर तो आकडा शून्यावर किंवा त्याच्याही खाली असायला हवा, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. 5 वर अडकला असेल तर ते पूर्ण होणं नव्हे, बंद पडणं आहे. पत्र्याच्या खोलीत बरणी तापली की हे हमखास होतं. ती गार कोपऱ्यात आणा, 25 ते 30 अंशांत ठेवा, ढवळा.

बुडबुड्यांवर मात्र मुळीच विसंबू नका. झाकण फटीतून गळत असेल तर जोरात आंबत असूनही झाकणाला गॅस जायला लावलेल्या नळीतून बुडबुडा येत नाही. उलट दुपारी रस तापला की आत मुरलेला गॅस आंबणं संपल्यावरही बाहेर पडतो.

आणि रस मुळात आंबायलाच लागला नाही तर? द्राक्षं कुठून आली ते आठवा. पेटीत गंधकाचा पेपर घालून ठेवलेला माल असेल, तर तो गंधक यीस्टलाही दाबतो. गंधकाची धुरी दिलेला पिवळा बेदाणा विरजण म्हणून टाकला तरी तेच. सरळ वाइनचं यीस्ट आणून घाला. सडक्या अंड्याचा वास येत असेल तर भुरी रोगासाठी उशिरा मारलेलं गंधक मण्यांवर राहिलेलं असू शकतं. सुरुवातीलाच एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की तो वास बहुधा जातो.

आकडा स्थिरावला की गाळ तळाशी सोडून वरचा रस रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत काढा. न उकळलेलं जुनं व्हिनेगर थोडं घाला आणि तोंडाला दुहेरी सुती फडकं घट्ट बांधा. द्राक्षांच्या हंगामात चिलटं एवढी असतात, की विरळ मलमलीतूनसुद्धा आत शिरतात.