तालुक्याच्या गावात राहून मेकॅनिकल इंजिनिअर

दहावीनंतर ३ वर्षांचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी: गावाकडच्या मुलांना हा रस्ता परवडतो. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज डिप्लोमा चालू असतानाच टाका. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ केली की जागा हातची जाते.

पहिली नोकरी जवळच्या एमआयडीसीत शोधा. कोल्हापूरच्या बाजूचे असाल तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. मुलाखतीत मार्कांपेक्षा ड्रॉइंग वाचता येतं का, हेच बघतात.

समजा ड्रॉइंगमध्ये शाफ्टवर (गोल दांड्यावर) २५ एच७ लिहिलंय (एच लहान लिपीतला). म्हणजे व्यासाचं चालणारं माप २४.९७९ ते २५.००० मिमी. इथे ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (त्याहून लहान फरक न दाखवणारा) व्हर्नियर चालत नाही, जास्त बारीक मोजणारा मायक्रोमीटरच घ्या. मशीनवरून उतरलेला गरम जॉब (घडवलेला भाग) लगेच मोजू नका: २० अंश जास्त तापलेलं पोलाद या व्यासाला साधारण ६ मायक्रॉन (०.००६ मिमी) फुगतं. त्या मापावर ऑफसेट (मशीनला मापाची दुरुस्ती) दिला की थंड झाल्यावर जॉब बारीक भरतो, आणि बारीक झालेला जॉब थेट भंगारात. जाड राहिला तर निदान पुन्हा एक कट मारता येतो.

कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढणं) घरी शिका. पण आठवड्यातून २ संध्याकाळी तरी लेथवर उभे राहा, फुकट राबावं लागलं तरी.