पानाची एसईओ तपासणी करताना या चुका टाळा

एसईओ म्हणजे पान शोधयंत्राच्या निकालांत नीट दिसावे यासाठी केलेले काम. एखादे वेबपान शोधनिकालांत दिसतच नाही, किंवा दिसत होते ते मागे पडले, अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी त्या पानाच्या मजकुराकडे वळतात. शीर्षकात शोधशब्द आला आहे का, वर्णन किती अक्षरांचे झाले, एसईओ तपासणाऱ्या प्लगइनमधला दिवा हिरवा झाला का, हे पाहण्यातच वेळ निघून जातो. या गोष्टी निरर्थक नाहीत, परंतु त्यांची पाळी नंतर येते. क्रॉलर (पाने वाचत फिरणारा शोधयंत्राचा प्रोग्राम) पानापर्यंत पोहोचतो का, पोहोचल्यावर त्याला ते पान इंडेक्समध्ये (शोधयंत्राच्या नोंदसूचीत) घेण्याची मुभा आहे का, आणि घेताना तो ते कोणत्या पत्त्यावर घेतो, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती येण्यापूर्वी शीर्षकावर घेतलेली मेहनत फुकट जाऊ शकते. तपासणीचा क्रम चुकणे हीच माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

अडवणे आणि वगळणे यांत गल्लत करू नका

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाईल क्रॉलरला पान वाचण्यापासून अडवते. नोइंडेक्स हा पानाच्या कोडमधला टॅग वाचलेले पान निकालांतून वगळायला सांगतो. ही दोन कामे वेगळी आहेत आणि ती एकाच पानावर एकत्र केली की नेमका उलटा परिणाम होतो. पान निकालांत नको म्हणून कोणी त्यावर नोइंडेक्स लावतो आणि खबरदारी म्हणून तोच पत्ता रोबोट्स फाईलमध्येही बंद करतो. आता क्रॉलर पान उघडतच नाही, त्यामुळे आतला नोइंडेक्स त्याला कधीच दिसत नाही, आणि इतर ठिकाणांहून त्या पानाकडे दुवे येत असतील तर मजकूर न वाचताही त्याचा पत्ता निकालांत राहू शकतो. पान वगळायचे असेल तर क्रॉलरला ते वाचू द्यावे लागते. काही जुन्या लेखांत रोबोट्स फाईलमध्येच नोइंडेक्सची ओळ लिहिण्याचा सल्ला आढळतो; १ सप्टेंबर २०१९ पासून गूगल ती ओळ जुमानत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. संकेतस्थळ बांधणीच्या अवस्थेत असताना शोधयंत्रांना दूर ठेवण्यासाठी लावलेला नोइंडेक्स, संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाल्यावरही तसाच राहून जातो. वर्डप्रेसच्या वाचनविषयक सेटिंगमध्ये यासाठी एकच चौकट आहे आणि तीवरची खूण काढायची राहिली की संपूर्ण संकेतस्थळ हळूहळू निकालांतून नाहीसे होते. शोध घेताना फक्त पानाच्या सोर्समध्ये पाहून थांबू नका, कारण हाच आदेश सर्व्हर एक्स-रोबोट्स-टॅग या हेडरमधूनही (पानासोबत पाठवल्या जाणाऱ्या माहितीतूनही) देऊ शकतो आणि तो पानाच्या एचटीएमएलमध्ये कुठेच दिसत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क हा विभाग उघडून पानाची पहिली विनंती निवडली की तिचे रिस्पॉन्स हेडर दिसतात. तेथे हे एकदा वाचून घ्यावे. मूळ एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स ठेवून पुढे जावास्क्रिप्टने तो काढून टाकण्याची युक्तीही भरवशाची नाही, कारण नोइंडेक्स दिसल्यावर गूगल स्क्रिप्ट चालवण्याची तसदी न घेण्याची शक्यता असते.

सर्व्हरचे उत्तर न पाहता पुढे जाऊ नका

पान डोळ्यांना ठीक दिसते म्हणजे सर्व्हरने योग्य उत्तर दिले असे नाही. “हा मजकूर उपलब्ध नाही” असे लिहिलेले पान २०० या कोडसह पाठवले जात असेल तर सर्व्हर क्रॉलरला सगळे सुरळीत असल्याचे सांगत असतो. ४०४ हा ‘पान सापडले नाही’ असे सांगणारा कोड आहे, म्हणून गूगल अशा पानांना सॉफ्ट ४०४ म्हणून ओळखते. काढून टाकलेली सर्व पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याची पद्धतही सोडून द्यावी. जुन्या पानाला खरोखर पर्याय ठरणारे नवे पान असेल तरच ३०१ ने (कायमचे वळवण्याच्या कोडने) तिकडे वळवावे, नसेल तर ४०४ किंवा ४१० (पान काढून टाकले आहे) देणे हे प्रामाणिक उत्तर आहे आणि त्याने संकेतस्थळाचे नुकसान होत नाही.

वळवण्यांची साखळी मात्र छोटी ठेवावी. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, तेथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्यावर, तेथून नव्या पत्त्यावर अशा उड्या प्रत्येक वेळी वाचकाचा वेळ खातात. पहिल्याच पायरीवर अंतिम पत्ता द्यावा आणि संकेतस्थळातील अंतर्गत दुवेही त्या अंतिम पत्त्यावरच न्यावेत.

कॅनोनिकल टॅगवर आंधळा विश्वास ठेवू नका

एकच मजकूर अनेक पत्त्यांवर उपलब्ध असतो, तेव्हा त्यांतला मूळ पत्ता कोणता हे सांगण्यासाठी कॅनोनिकल टॅग वापरतात. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो एकत्रितपणे स्वीकारला. तो आदेश नाही, सूचना आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. टॅग एक पत्ता सांगत असेल, साइटमॅपमध्ये (शोधयंत्रासाठी दिलेल्या पत्त्यांच्या यादीत) दुसरा असेल आणि अंतर्गत दुवे तिसऱ्याकडे जात असतील, तर शोधयंत्र स्वतःच निवड करते आणि ती तुम्हाला हवी तशी असेलच असे नाही. सर्वांत वाईट प्रकार टेम्प्लेटमध्ये होतो: प्रत्येक पानाचा कॅनोनिकल मुखपृष्ठाकडे दाखवणारी एक ओळ सर्वत्र चिकटवली जाते. अनेक पानांत विभागलेल्या यादीच्या दुसऱ्या, तिसऱ्या पानांचा कॅनोनिकल पहिल्या पानाकडे नेणे हीदेखील चूकच आहे, कारण त्या पानांवरचा मजकूर वेगळा असतो.

कधी टॅग अचूक असूनही वाचला जात नाही. हा दोष जवळून पाहण्यासारखा आहे. एचटीएमएलच्या हेड विभागात टायटल, मेटा, लिंक, स्क्रिप्ट, स्टाइल अशा मोजक्याच घटकांना जागा असते. समजा, एखाद्या मोजणी करणाऱ्या सेवेने दिलेला कोड हेडच्या सुरुवातीला चिकटवला आणि त्यात एक अदृश्य प्रतिमा किंवा आयफ्रेम (पानात दुसरे पान दाखवणारी चौकट) आहे. पार्सर (एचटीएमएल वाचून पानाची रचना उभारणारा प्रोग्राम) तेथे पोहोचला की हेड संपला आणि बॉडी सुरू झाली असे मानतो. त्यानंतर लिहिलेले कॅनोनिकल आणि भाषांसाठीचे एचरेफलँग टॅग आता हेडबाहेर पडलेले असतात आणि गूगल ते विचारात घेत नाही. पेज सोर्समध्ये सारे जागच्या जागी दिसते, म्हणूनच हा दोष दीर्घकाळ सापडत नाही. तो शोधायचा असेल तर डेव्हलपर टूल्सच्या एलिमेंट्स विभागात, म्हणजे ब्राउझरने प्रत्यक्ष उभारलेल्या रचनेत, कॅनोनिकल कोणत्या भागात पडला आहे ते पाहावे. तो बॉडीत आढळला तर त्याच्या आधीचा कोड तपासावा आणि चुकीचा घटक खाली बॉडीत हलवावा.

शीर्षक आणि वर्णन: मोजपट्टीपेक्षा अर्थ पाहा

या विषयावर सर्वांत जास्त लिहिले जाते आणि गैरसमजही येथेच सर्वांत जास्त आहेत. शीर्षक अमुक अक्षरांचेच हवे असा गूगलचा नियम नाही. निकालांत ते उपलब्ध रुंदीनुसार कापले जाते, त्यामुळे महत्त्वाचे शब्द आधी यावेत इतकेच पुरे. खरी चूक निराळी असते. सायकलचे ब्रेक जुळवण्याची कृती सांगणाऱ्या पानाचे शीर्षक नुसते “लेख” किंवा “मुखपृष्ठ” असते, अथवा “सायकल ब्रेक, ब्रेक सायकल, सायकलचे ब्रेक दुरुस्ती” अशी शब्दांची रास असते. “सायकलचे रिम ब्रेक घरी कसे जुळवावेत” हे शीर्षक त्या दोहोंपेक्षा बरे, कारण वाचकाला पानावर काय मिळेल ते त्यातून कळते. शीर्षक पानाशी जुळत नसेल, किंवा शेकडो पानांवर तेच असेल, तर गूगल निकालात पानावरच्या ठळक मथळ्यातून किंवा अन्य मजकुरातून दुसरे शीर्षक घेऊन दाखवते. तसे घडलेले दिसले की शोधयंत्राला दोष न देता आपले शीर्षक पुन्हा वाचावे.

मेटा डिस्क्रिप्शनमुळे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दिलेल्या वर्णनामुळे, गूगलवरील क्रमवारी सुधारत नाही. ते वाचकासाठी असते, आणि शोधाच्या शब्दांना पानातील दुसरा उतारा अधिक जुळत असेल तर गूगल तोच दाखवते. सर्व पानांवर एकच वर्णन ठेवण्यापेक्षा ते न देणे चालेल. मेटा कीवर्ड्स (शोधशब्दांची यादी देणारा टॅग) भरण्यात मात्र क्षणही घालवू नये. क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते आणि तरीही काही तपासणी साधने तो नसल्याची खूण लाल रंगात करतात. पानावर एकापेक्षा अधिक एच-वन (मुख्य) मथळे असणे हाही साधनांनी फुगवलेला दोष आहे. मथळ्यांचा क्रम वाचकाला आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मजकुराची रचना समजावून देतो का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

देवनागरी पत्त्यांबद्दलही असाच अकारण धसका असतो. असा पत्ता कॉपी केल्यावर एकेका चिन्हाची टक्केखुणांसह नऊ अक्षरे होतात आणि तो लांबलचक दिसतो, पण शोधयंत्रे तो नीट वाचतात. केवळ दिसण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या पानाचा पत्ता बदलणे हेच अधिक धोक्याचे आहे.

क्रॉलरला जे दिसते ते पाहा

गूगल आता पानाची मोबाइलवरील आवृत्ती इंडेक्ससाठी वापरते. मोठ्या पडद्यावर असलेला तक्ता, परिच्छेद किंवा दुव्यांची यादी मोबाइलवर काढून टाकली असेल तर ती शोधयंत्रासाठीही नाहीच. नुसती घडी घालून ठेवलेली, स्पर्श केल्यावर उलगडणारी माहिती चालते. पानावर मुळात नसलेली चालत नाही. स्पर्श केल्यानंतरच सर्व्हरवरून आणली जाणारी माहितीही क्रॉलरला मिळत नाही, कारण तो बटणे दाबत नाही.

दुव्यांचेही तेच आहे. अँकर घटक (एचटीएमएलमधला दुव्याचा टॅग) आणि त्यात एचरेफने दिलेला पत्ता असेल तरच तो भरवशाचा दुवा होतो. क्लिक झाल्यावर स्क्रिप्टने दुसरीकडे नेणारे बटण माणसाला दुव्यासारखे भासते, क्रॉलरला नाही. ज्या पानाकडे असा एकही खरा दुवा येत नाही ते साइटमॅपमध्ये असूनही दुर्लक्षित राहू शकते. साइटमॅपमधील प्रायॉरिटी (पानाचे महत्त्व) आणि चेंजफ्रीक (बदलाची वारंवारता) या नोंदी गूगल वापरत नाही. शेवटच्या बदलाची तारीख खरी असेल तरच ती उपयोगी पडते, म्हणून रोज आपोआप आजची तारीख टाकणारी व्यवस्था बंद करावी.

प्रतिमांच्या ऑल्ट मजकुरात (प्रतिमेऐवजी वाचल्या जाणाऱ्या वर्णनात) शोधशब्द कोंबू नयेत; चित्रात काय आहे ते एका वाक्यात सांगावे आणि निव्वळ सजावटीच्या चित्रासाठी तो रिकामा ठेवावा. वेगाच्या बाबतीत एक चूक वारंवार दिसते: सर्व प्रतिमांना सरसकट लेझी लोडिंग (गरज पडल्यावरच प्रतिमा आणण्याची सोय) लावले जाते आणि पानाच्या माथ्यावरची मुख्य प्रतिमाही उशिरा येते. गूगलच्या निकषांनुसार पडद्यावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, कृतीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि मांडणी हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत राहावा. हे आकडे प्रत्यक्ष वाचकांच्या भेटींवरून मोजले जातात. तुमच्या वेगवान संगणकावर केलेली एक चाचणी त्यांची जागा घेऊ शकत नाही.

दुरुस्तीनंतर घाई करू नका

दुरुस्ती झाली की सर्च कन्सोल या संकेतस्थळमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातील यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पत्ता टाकून लाइव्ह टेस्ट करावी. पान या क्षणी इंडेक्स होण्याजोगे आहे का, हे ती सांगते. गूगलने कोणता कॅनोनिकल निवडला हे मात्र त्या चाचणीत दिसत नाही, ते इंडेक्समधील नोंदीतच पाहावे लागते. तेथे शेवटच्या क्रॉलची तारीखही असते. ती तारीख दुरुस्तीच्या आधीची असेल तर गूगलने बदल अजून पाहिलेलाच नाही, आणि अशा वेळी शीर्षक, मजकूर, पत्ता असे आणखी बदल करत सुटल्यास कोणत्या बदलाने काय झाले हे कधीच उमगत नाही. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, कधी काही आठवडे लागतात. कोणत्या दिवशी कोणत्या पानावर काय बदलले याची नोंद लिहून ठेवावी आणि क्रॉलची तारीख पुढे सरकल्यावरच त्याच पानाचे इंप्रेशन (निकालांत किती वेळा दिसले) आणि क्लिक दुरुस्तीपूर्वीच्या तितक्याच दिवसांशी ताडून पाहावेत.