स्वतःहून बंद पडणारा रिसिव्हर : दुरुस्तीचे काम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

आयटीआयमधील दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी एका दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी सुरू केली, तेव्हा माझ्या टेबलावर आलेला पहिला संच होता एक जपानी बनावटीचा स्टिरिओ रिसिव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत. संच चालू होई, चार-पाच सेकंदांनी रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचचा) ‘टक्’ असा आवाज येई, गाणे सुरू होई आणि काही वेळाने पुन्हा ‘टक्’ होऊन सारे शांत होई. मी लगेच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. त्यावर दुकानातल्या ज्येष्ठ काकांनी मला थांबवले आणि म्हणाले, “आधी ग्राहकाला विचारून ये, किती वेळाने बंद पडतो?” या कामात आज मला अठरा वर्षे झाली, आणि अशा तक्रारीत मी अजूनही पहिला प्रश्न हाच विचारतो.

रिसिव्हर स्वतःहून बंद पडतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचे संरक्षक सर्किट आपले काम चोख बजावत असते. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर डी.सी. (एकदिश) व्होल्टेज आले, प्रवाह प्रमाणाबाहेर गेला किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) फार तापले, तर हे सर्किट रिले सोडते आणि स्पीकर वेगळा पाडते. अनेक जुन्या संचांत यासाठी यूपीसी १२३७ ही आठ पायांची आयसी असते. तिचा पहिला पाय जादा प्रवाहावर, दुसरा आउटपुटच्या डी.सी.वर आणि चौथा मेन्स पुरवठ्यावर लक्ष ठेवतो. त्यामुळे बंद पडण्याचे कारण शोधताना या पायांवरची व्होल्टेजेस मोजली, तर तक्रार नेमकी कुठून आली ते कळते. नव्या होम थिएटर संचांत हेच काम मायक्रोप्रोसेसर करतो, पूर्ण वीजपुरवठाच तोडतो आणि पुढचा दिवा लुकलुकवतो.

हे सर्किट बायपास करून संच ‘चालू करून देणारे’ कारागीर मी पाहिले आहेत, आणि याविषयी मला फार तळमळीने सांगावेसे वाटते. आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला जोर पुरवणारा ट्रान्झिस्टर, शॉर्ट झाल्यावर ४० व्होल्टचा डी.सी. थेट स्पीकरवर गेला, तर ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा रोध प्रत्यक्षात ६ ओहमच्या आसपास असल्याने जवळजवळ साडेसहा अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे अडीचशे वॉटपेक्षा जास्त उष्णता त्या कॉइलमध्ये निर्माण होते. कॉइल काही क्षणांत जळते आणि आग लागण्याचाही धोका असतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे हाही त्याच जातीचा अपराध आहे.

आता वेळेच्या प्रश्नाकडे येतो. रिले मुळीच लागत नसेल किंवा लागताक्षणी सुटत असेल, तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्याचा किंवा कायमचा डी.सी. असल्याचा संशय घ्यावा. फक्त आवाज वाढवल्यावर बंद पडत असेल, तर दोष बहुधा बाहेर असतो : स्पीकरच्या वायरचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो, किंवा ए आणि बी अशा स्पीकरच्या दोन्ही जोड्या एकदम लावलेल्या असतात. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, आणि संच त्यासाठी बनवलेला नसेल तर तो तक्रार करणारच. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी सर्व स्पीकर काढून संच चालवून पाहावा. परदेशातून आणलेल्या संचाचे मागचे लेबलही याच वेळी वाचावे. अमेरिकेतला संच १२० व्होल्टचा आणि जपानमधला १०० व्होल्टचा असतो, आणि आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. कपाटात कोंडलेल्या किंवा वर डीव्हीडी प्लेअर ठेवलेल्या संचाला केवळ मोकळी हवा दिल्याने तक्रार मिटल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत.

स्पीकर काढूनही संच बंद पडत असेल, तर मग झाकण उघडावे. प्लग काढल्यानंतरही मोठ्या फिल्टर कंडेन्सरांत चार्ज साठलेला असतो. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून उतरवू नये. २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर नीट इन्सुलेट केलेल्या प्रोबांनी पंधरा-वीस सेकंद लावावा आणि मल्टिमीटरवर एक-दोन व्होल्टच उरले आहेत याची खात्री करावी. त्यानंतर मीटर डायोड रेंजवर ठेवून प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि एमिटर हे दोन पाय तपासावेत. तिथे बझर वाजला, तर तो ट्रान्झिस्टर गेला आहे.

उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी मी असा एक शॉर्ट ट्रान्झिस्टर बदलला आणि संच सरळ मेन्सवर लावला. त्याच्यामागचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि ०.२२ ओहमचा एमिटर रेझिस्टरही गेलेले होते, ते मी तपासले नव्हते. नवा ट्रान्झिस्टर त्याच क्षणी फुटला. तेव्हापासून सिरीज बोर्डाशिवाय मी एकही दुरुस्त संच चालू केलेला नाही. या बोर्डात शंभर वॉटचा फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या फेजमध्ये, संचाच्या आधी, सिरीज जोडावा. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. संच चांगला असेल, तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. तो प्रखर पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे आणि आपले नवे सामान वाचले आहे. बल्बमुळे व्होल्टेज कमी पडून कधी रिले लागत नाही. तेवढ्यावरून दोष आहे असे समजू नये.

सर्वांत जास्त शिकवणारा दोष मात्र उशिरा येणारा असतो. एका ग्राहकाचा ऐंशीच्या दशकातला रिसिव्हर बरोबर वीस मिनिटांनी बंद होई, स्पीकर लावलेले असोत वा नसोत. सर्व आउटपुट ट्रान्झिस्टर चांगले होते. मी रिलेच्या अलीकडे, दोन्ही चॅनेलच्या आउटपुटवर एकेक मीटर लावून बसलो. थंड असताना डावीकडे १२ आणि उजवीकडे ९ मिलिव्होल्ट डी.सी. होता, म्हणजे दोन्ही निकोप. दहा मिनिटांनी उजवीकडचा आकडा तिथेच होता, पण डावीकडचा ८० वर पोचला, मग ३००, आणि ९०० ओलांडल्यावर रिले सुटला. स्टिरिओ संचाचा मोठा आधार हाच असतो की, एक चॅनेल बिघडला तरी दुसरा हुबेहूब तसाच आणि चांगला असतो. सर्किट डायग्राम मिळाला नाही तरी बिंदूमागून बिंदू दोन्हीकडची व्होल्टेजेस ताडून पाहता येतात. तशी ती पाहत मी इनपुटच्या डिफरन्शिअल जोडीपाशी, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या सुरुवातीच्या दोन जुळ्या ट्रान्झिस्टरांपाशी आलो. केस वाळवण्याच्या यंत्राने तिथे थोडी ऊब दिली की आकडा चढे आणि स्पिरिटचा बोळा टेकवला की उतरे. (स्पिरिट ज्वालाग्राही असते, म्हणून यंत्र बंद करून दूर ठेवल्यावरच बोळा वापरावा.) शेजारचा कंडेन्सर कारखान्यातच गोंदाने चिकटवलेला होता. तो मूळचा पिवळसर गोंद वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तपकिरी झाला होता. असा जुना गोंद वीजवाहक होतो आणि पार्टचे पायही खातो. गोंद खरवडून काढला, ते दोन ट्रान्झिस्टर आणि तो कंडेन्सर बदलला, आणि त्यानंतर दोन तास आकडा ८ मिलिव्होल्टच्या वर गेला नाही. त्या संध्याकाळी झालेला आनंद मला अजून आठवतो.

याच प्रकारात ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा तडकलेला सांधा, हाही मोडतो. तापणाऱ्या रेग्युलेटरच्या आणि रिलेच्या पायांभोवती बारीक गोल चीर पडलेली असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भिंग जवळ ठेवावे आणि जुने सोल्डर काढून नवे भरावे.

सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते, पण आउटपुट ट्रान्झिस्टर घेताना फार सावध राहावे. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीच्या नकला बाजारात सर्रास असतात. त्यांतली चिप लहान असते आणि जोर आला की त्या जातात. दोन पैसे जास्त देऊन खात्रीच्या विक्रेत्याकडूनच जोडी घ्यावी. बसवताना माइका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधली इन्सुलेटर चकती) आणि हीटसिंक कंपाउंड नवे वापरावे आणि कलेक्टर हीटसिंकला टेकत नाही ना, हे मीटरने पाहावे.

शेवटी बायस, म्हणजे गाणे नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा थोडा प्रवाह, लावावा लागतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मोजतात, उदाहरणार्थ, ०.२२ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर. संच पंधरा मिनिटे तापू द्यावा आणि बायस पुन्हा जुळवावा. नंतर ग्राहकाच्या स्पीकरऐवजी ८ ओहमचे मोठे वायरवाउंड रेझिस्टर जोडून, झाकण लावून, संच निदान दोन तास चालवावा, कारण झाकणाखाली तापमान वेगळे असते आणि वीस मिनिटांनी येणारा दोष उघड्या टेबलावर कधीकधी चाळीस मिनिटे लपून राहतो.