चित्र आहे तर आवाज नाही, आवाज आहे तर चित्र नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या वाड्यात कुणाचाही टीव्ही, लॅपटॉप किंवा मोबाईल रुसला की फोन मला येतो. मी इंजिनिअर वगैरे काही नाही, कॉमर्सवाला आहे, पण एकदा आत्याच्या लग्नाची सीडी चालवून दाखवली आणि तेव्हापासून ही जबाबदारी गळ्यात पडली ती पडलीच. तक्रार पण ठरलेली असते, "अरे ते चालतच नाहीये." ह्यातून काय डोंबल कळणार? शेजारचे गुजराती काका निदान "अवाज नथी आवतो" असं तरी सांगतात, म्हणजे चित्र दिसतंय एवढं तरी समजतं.

तर पहिली गोष्ट, काहीही डाउनलोड करायच्या आधी दोन मिनिटं फक्त हे करा. जी फाईल चालत नाही ती दुसऱ्या प्लेयरमध्ये लावून बघा, आणि ज्या प्लेयरमध्ये चालत नाही त्यात दुसरी, कालपर्यंत व्यवस्थित चालणारी फाईल लावून बघा. फाईल सगळीकडेच अडते आहे तर दोष फाईलचा, फक्त एकाच प्लेयरमध्ये अडते तर प्लेयरचा, आणि सगळ्या फाइली सगळ्या प्लेयरमध्ये अडत असतील तर मग स्पीकर, वायर, ड्रायव्हर (म्हणजे साउंड किंवा ग्राफिक्सचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर सेटिंग. लोक हे सोडून थेट प्लेयर काढून पुन्हा टाकतात, अर्धा तास जातो आणि दुखणं वायरीत असतं.

दुसरा प्लेयर म्हणून मी व्हीएलसी वापरतो, ट्रॅफिकच्या भगव्या शंकूचं चित्र असलेला तो. १९९६ साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झाला, २००१ पासून सोर्स कोड सगळ्यांना खुला, आणि बहुतेक सगळे कोडेक तो स्वतःच पोटात घेऊन येतो म्हणून वेगळं काही टाकावं लागत नाही. फक्त व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग ह्याच साईटवरून घ्या. आणि एखादं पान "हा व्हिडिओ बघायला आमचा कोडेक टाका" असं म्हणालं तर ते पान तिथल्या तिथे बंद करा, व्हायरस घुसवायची ती फार जुनी युक्ती आहे.

आता हा कोडेक म्हणजे काय तेवढं समजून घ्या, कारण निम्मी भांडणं त्याच्यापायीच आहेत. कोडेक म्हणजे चित्र आणि आवाज आवळून बांधायची आणि परत सोडवायची पद्धत. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नुसत्या डब्यांची नावं. आमच्या घरी भाकरवडीचा डबा उघडला तर आत मोहरी निघते, तसंच इथे. डबा एमपी४ चाच, पण आत चित्र एच.२६४ मध्ये बांधलंय की एच.२६५ मध्ये हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे "एमपी४ तर चालतं ना रे ह्याच्यावर, मग हे का नाही" ह्या प्रश्नाला अर्थ उरत नाही. व्हीएलसीत व्हिडिओ लावून कंट्रोल आणि जे दाबा, आत काय भरलंय ते दिसतं.

नवरात्रात भाच्याने गरब्याचे व्हिडिओ पाठवले, ताईच्या लॅपटॉपवर ढोल ऐकू येतोय आणि स्क्रीन काळी ठिक्कर. फोन बिघडला, लॅपटॉप बिघडला, सगळं म्हणून झालं. आत एच.२६५ होतं, ज्याला एचईव्हीसी म्हणतात, २०१३ चं स्टँडर्ड, फाईल बरीच लहान होते म्हणून नवे फोन त्यातच शूट करतात. विंडोजच्या स्वतःच्या प्लेयरला ते वाचायला बऱ्याच मशीनवर वेगळं एक्स्टेन्शन लागतं आणि स्टोअरमध्ये त्याचे पैसे मागतात. व्हीएलसीत तोच व्हिडिओ काही न करता चालतो. आयफोन असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन मोस्ट कम्पॅटिबल निवडलं की पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये होतात, जागा जास्त खातात, पण मावशीच्या जुन्या टीव्हीवर सुद्धा चालतात. झालेले व्हिडिओ मात्र आपोआप बदलत नाहीत हं, ते व्हीएलसीच्या मीडिया मेनूतल्या कन्व्हर्टमधून बदलून घ्यावे लागतात.

चित्र आहे आणि आवाज नाही, ह्याची कारणं जास्त आहेत. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला लावला की विंडोज आवाज टीव्हीकडे पाठवायला लागतं, टीव्हीचा आवाज बंद असला तर तुम्ही लॅपटॉपचे स्पीकर चाचपत बसता. स्पीकरच्या आयकॉनवर क्लिक करून आवाज कुठे जातोय ते बघा. मग व्हॉल्यूम मिक्सर उघडा, तिथे प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा असतो आणि कधीतरी चुकून नेमका प्लेयरच म्यूट झालेला असतो. पेन ड्राइव्हवरून थेट टीव्हीत लावलेला सिनेमा मुका असेल तर बहुतेक आवाज डीटीएस नावाच्या कोडेकमध्ये आहे, पुष्कळ टीव्हींना ते जमत नाही. अशा फाईलमध्ये कधीकधी दुसरा ऑडिओ ट्रॅक असतो, रिमोटवर ऑडिओ बदलून बघा, व्हीएलसीत बी दाबलं की ट्रॅक बदलतो. अँड्रॉइडवर एमएक्स प्लेयरमध्ये डीटीएसचा आवाज येत नसेल तर लायसन्सच्या भानगडीमुळे त्यांनी ते काढून टाकलंय, त्याचा कस्टम कोडेक वेगळा टाकावा लागतो, किंवा सरळ फोनवरही व्हीएलसी टाका आणि विषय संपवा.

आता एक किस्सा सांगतो, कारण ह्यात मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्यात. आमच्या काकांना गाण्याचा नाद, फैय्याज खाँसाहेब म्हणजे बडोद्याचे दरबारगायक, त्यामुळे ते घरचेच असल्यासारखे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली त्यांची गाणी मी काकांना कॉम्प्युटरवर भरून दिली. काकांचा फोन, खाँसाहेब गातच नाहीयेत, नुसती खरखर येते. गेलो. तर सिनेमाची गाणी चालू आहेत पण त्यात गायिका नाही! तबला आहे, व्हायोलिन आहे, आवाज लांब विहिरीतून आल्यासारखा आणि बाई गायब. मी प्लेयर बदलला, ड्रायव्हर पुन्हा टाकला, इक्वलायझरमध्ये हात घातले, काही उपयोग नाही. शेवटी हेडफोनची पिन हाताला लागली आणि ती दोन मिलिमीटर बाहेर होती. आत दाबली आणि खाँसाहेब प्रकट झाले.

झालं होतं असं की पिनच्या ग्राउंडचा संपर्क सुटला की कानात डावा आवाज वजा उजवा एवढाच उरतो. गायक बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो म्हणून तो वजाबाकीत उडतो आणि कडेची वाद्यं राहतात. जुन्या तबकड्या तर मोनो, डावं-उजवं अगदी एकच, त्यामुळे तिथे वजाबाकी शून्य, गाणं पूर्ण नाहीसं आणि दोन बाजूंत उगाच वेगळी भरलेली खरखर तेवढी शिल्लक. तेव्हा गाण्यातून फक्त गायक गायब झाला तर सॉफ्टवेअरला हात सुद्धा लावू नका. पिन दाबा, फिरवा, जॅकमधला कचरा लाकडी टूथपिकने हलकेच काढा, तरी नाही तर वायर पिनपाशी तुटली आहे, दुसरा हेडफोन लावून खात्री करा.

ह्याचा चुलतभाऊ म्हणजे गाणी आणि स्फोट धडाधड ऐकू येतात पण डायलॉग पुटपुटल्यासारखे. सिनेमाचा आवाज बहुतेकदा ५.१ असतो, म्हणजे सहा स्पीकरांसाठी वेगवेगळा केलेला, बोलणं मधल्या स्पीकरकडे जातं आणि तुमच्याकडे मधला स्पीकर नाहीच. विंडोजच्या साउंडमध्ये कॉन्फिगरला जाऊन ५.१ च्या जागी स्टीरिओ करा. एवढ्याने भागलं नाही तर व्हीएलसीच्या इफेक्ट्समध्ये कम्प्रेसर चालू करा, मोठा आवाज दबतो आणि बारीक वर येतो, रात्री घरचे झोपल्यावर बघायला तर फारच कामाचं आहे. व्हॉल्यूम १०० च्या वर नेऊन मात्र काही साधत नाही, आवाज फाटतो आणि स्वस्तातले स्पीकर जातात.

ओठ आधी हलतात आणि बोलणं मागून येतं असं होत असेल तर आधी ब्लूटूथ काढून वायरवर ऐका. ब्लूटूथला आवाज पोचवायला वेळ लागतो, साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि तेवढं डोळ्याला खटकतं. वायरवर पण तसंच असेल तर व्हीएलसीत जे दाबलं की आवाज लवकर, के दाबलं की उशिरा, एका दाबाला ५० मिलिसेकंद. पण हे करायच्या आधी सिनेमाची सुरुवात आणि शेवट दोन्ही बघा. फरक दोन्हीकडे सारखा असेल तरच ही युक्ती चालते. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी दोन सेकंद मागे असं असेल तर कितीही बटणं दाबा, पुढे पुन्हा घसरणारच, कारण फाईलचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं ते) कमीजास्त होतोय, फोनवर शूट केलेल्या व्हिडिओत हे होतं, आणि मग तो कायम फ्रेम रेट ठेवून पुन्हा कन्व्हर्ट करणं हाच उपाय.

अडखळत चालतं? फाईल पेन ड्राइव्हवर किंवा वायफायवरून लांबच्या मशीनवर असेल तर आधी लॅपटॉपवर कॉपी करून बघा, सुधारलं तर वेग कमी पडत होता, बास. तरी अडखळलं, किंवा चित्रात हिरवे चौकोन नाचायला लागले, तर व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट आणि कोडेक्स, तिथे हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डिकोडिंग (म्हणजे चित्र सोडवायचं काम ग्राफिक्सच्या चिपला देणं) बंद करा, सेव्ह करा, प्लेयर बंद करून उघडा. हिरवं गेलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना आहे, तो अपडेट करा आणि सेटिंग परत चालू करा, नाहीतर सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि मे महिन्यात आमच्याकडे लॅपटॉप इतका तापतो की तो स्वतःच वेग कमी करतो आणि पुन्हा अडखळणं सुरू. जुन्या मशीनवर ४के चा हट्ट सोडा. सेटिंगमध्ये फार हात घालून गोंधळ केला असेल तर प्रेफरन्सेसमध्येच खाली रीसेटचं बटण आहे.

मराठी सबटायटल उघडल्यावर चौकोन किंवा भुतासारखी अक्षरं दिसली तर एसआरटी फाईल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी नीट दिसली तर सेव्ह ॲज करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, आणि व्हीएलसीत सबटायटलचा फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल करा. नोटपॅडमध्येच कचरा दिसत असेल तर ती फाईल कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलीये, दुसरी शोधा. फाईलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवलं की आपोआप उचलते. सबटायटल मागेपुढे होत असेल तर व्हीएलसीत जी आणि एच दाबा.

लग्नाच्या जुन्या सीडीबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडं. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डीएटी फाईल असते, ती व्हीएलसीत ओढून टाका. चित्र पुसट दिसतं त्याला इलाज नाही, आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे आजच्या फुल एचडीच्या विसाव्या हिश्श्याएवढं, ते मोठ्या टीव्हीवर ताणल्यावर आत्याचा शालू एकच लाल ठिपका होणारच. डीव्हीडीतल्या हलत्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर डी दाबा, डीइंटरलेस होतं. डिस्क मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा डेटाच्या वाटेबरोबर जातो आणि सलग मोठा तुकडा खातो. एकदा चालली की त्याच दिवशी हार्ड डिस्कवर कॉपी करा, दुसऱ्या वेळी चालेल ह्याची खात्री नाही. पेन ड्राइव्हवर टाकताना त्याचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल जाणारच नाही आणि एक्सफॅट केला तर जुने टीव्ही वाचतीलच असं नाही, तेव्हा मोठी फाईल दोन तुकड्यांत करणं बरं.

आणि खरोखर मोडलेली फाईल. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा केबलने आलेली असेल तर दोन्हीकडची साईज बाईटपर्यंत जुळते का बघा, बऱ्याचदा कॉपीच अर्धी झालेली असते (आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र पिळून निघतं). एव्हीआय असेल तर व्हीएलसी स्वतःच इंडेक्स दुरुस्त करू का विचारतं, हो म्हणा. एमपी४ चं मात्र दुखणं वेगळं. कुठली फ्रेम कुठे आहे ह्याची यादी, तिला मूव्ह ॲटम म्हणतात, बरेच फोन रेकॉर्डिंग थांबवल्यावर सगळ्यात शेवटी लिहितात. त्याआधीच बॅटरी गेली तर चित्र-आवाज सगळा आत पडून असतो आणि कुठलाच प्लेयर उघडत नाही. भाच्याचं अष्टमीच्या रात्री हेच झालं, ७०० एमबीची फाईल आणि एक सेकंद चालेना. ह्यासाठी अनट्रंक नावाचं फुकट टूल आहे, पण त्याला त्याच फोनवर त्याच सेटिंगला काढलेला एक धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून लागतो. भाच्याने जागा करायला बाकी सगळे उडवून टाकले होते. मग त्याच फोनवर माझ्या चहाच्या कपाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला, तो नमुना म्हणून दिला, आणि गरबा शेवटचे काही सेकंद सोडून अख्खा परत आला.