हत्तींसाठी जाल, पण हातात थापी येईल: आफ्रिकेच्या रानात स्वयंसेवक म्हणून जाताना या चुका टाळा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजलेली माणसं आपल्याकडे बरीच आहेत. त्यातल्या काहींना पुढे आफ्रिकेची ओढ लागते. मीही त्यातलाच. नामिबियात ब्रँडबर्ग डोंगराजवळ, उगाब नदीच्या कोरड्या पात्रालगत दोन आठवडे तंबूत राहून आलो. तेव्हापासून निघू पाहणाऱ्यांचे फोन येतात आणि प्रश्नांवरूनच कळतं की कोण कुठे फसणार आहे.

बछड्यांचे फोटो पाहून पैसे भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती घरबसल्याच होते. ‘अनाथ सिंहाच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजा’ अशी जाहिरात दिसली की आधी विचारा: ही पिल्लं अनाथ झाली कशी? दक्षिण आफ्रिकेत सिंह पैदास करून पाळण्याचा मोठा धंदा आहे. पिल्लं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडली जातात, म्हणजे ती लवकर पुन्हा माजावर येते. पाहुणे दूध पाजतात, अंगाखांद्यावर खेळवतात, आणि त्यासाठी पैसेही मोजतात. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह रानात सोडता येत नाही. मोठा झाला की कुंपणात कोंडून शिकाऱ्यांकडून मारला जातो, किंवा त्याची हाडं विकली जातात. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीनेच हा प्रकार थांबवा अशी शिफारस केली आणि २०२४ मध्ये तसं धोरण मंजूर झालं, पण जाहिराती अजून दिसतात.

माझी कसोटी सोपी आहे. प्राण्याला हात लावू देणारं ठिकाण नको.

‘हत्ती कधी दिसणार?’ हे पहिल्याच दिवशी विचारणं

आमचा पहिला आठवडा दगड वाहण्यात गेला. दमारालँडमधल्या या भागातून हत्ती बरीच वर्षं नाहीसे झाले होते, ते नव्वदच्या दशकात परतू लागले. मधल्या काळात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची एक पिढी हत्तीशिवाय वाढली होती. हत्तीला लागतं पाणी, मोठ्या नराला दिवसाला दीडशे-दोनशे लिटरही. ते त्याला गावातल्या टाकीत सापडतं. मग पाइप उपटले जातात, पवनचक्कीचा पंप मोडतो आणि सगळी वस्ती कोरडी पडते. म्हणून टाकी आणि पंपाभोवती दगड-सिमेंटची जाड भिंत घालायची. हत्तीला ती ओलांडता येत नाही, सोंडही पंपापर्यंत पोचत नाही, आणि प्यायचं पाणी त्याला बाहेर मिळतं.

दोडामार्गात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हा माडा-केळींच्या बागांचं काय झालं हे ज्याने ऐकलंय, त्याला ही भिंत समजावून सांगावी लागत नाही. तरी आमच्यातले दोघं तिसऱ्या दिवशी ‘आम्ही गवंडीकाम करायला आलो नव्हतो’ म्हणत सावलीत बसले. त्यांच्या वाटचे दगड बाकीच्यांनी उचलले. काम काय आहे, किती तास आहे, हे निघण्याआधी लेखी मागून घ्या. सिमेंटने हाताची कातडी फाटते, तेव्हा आपल्या मापाचे रबरी हातमोजे इथूनच न्या. तिथले मला कोपरापर्यंत येत होते.

तंबूत भाकरवडी

हसू नका. आईने दिलेला डबा उशाशी ठेवून झोपणारे आपणच. खाण्याच्या वासाने आधी उंदीर येतो, तो तंबूचं कापड कुरतडतो, आणि उंदराच्या मागावर साप येतो. कोल्हा आला तर डब्यासकट नेतो. झिंबाब्वेतल्या माना पूल्समध्ये तर संत्रं-लिंबू आत न्यायलाच बंदी आहे, कारण तिथल्या हत्तींना त्या फळांची चटक लागली होती आणि ते गाड्या-तंबूंपर्यंत येऊ लागले होते. खाण्याचं सगळं, टूथपेस्टसुद्धा, गाडीतल्या बंद पेटीत.

बूट मात्र तंबूच्या आत. बाहेर ठेवलेला चामडी बूट तरस उचलून नेतो आणि चावून खातो. आत ठेवले तरी सकाळी उलटे करून झटकायचे. विंचू दिसला तर नांग्या बघा: नांग्या बारीक आणि शेपूट जाड असेल तर विष जास्त. दंश झाला तर चिरणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करू नका. तो भाग हलवू नका आणि म्होरक्याला लगेच उठवा. रात्री तीन वाजले असले तरी.

तंबूची जागा स्वतः निवडू नका. पात्रातली मऊ वाळू बघून मी तिथेच खुंट्या ठोकायला घेतल्या होत्या. आमच्या वाटाड्याने काही न बोलता वाळूतला एक ठसा दाखवला, आपल्या जेवणाच्या ताटाहून मोठा. कोरडं पात्र म्हणजे हत्तींचा हमरस्ता. शिवाय वर कुठे पाऊस झाला तर इथे ढग नसतानाही लोंढा येतो. खुंट्या उपटल्या आणि वर खडकाजवळ गेलो. त्याच रात्री कळप खालून गेला. पावलांचा आवाज जवळजवळ नाहीच, फक्त फांदी मोडल्याचा आणि पोटातल्या गुरगुरण्याचा. अशा वेळी चेन उघडून टॉर्च मारायचा मोह होतो. मारू नका.

लघवीला जायचं तर झोपण्याआधी. रात्री उठावंच लागलं तर आधी टॉर्च चौफेर फिरवून चमकणारे डोळे शोधा, आणि मगच दोन पावलं टाका.

गस्तीवर घाई

दुसऱ्या आठवड्यात हत्ती शोधून नोंदवही भरायची. कानाच्या कडेच्या खाचा, सुळ्यांचा आकार, कळपात कोण कोण. दूरदर्शक डाव्या हातात आणि पेन्सिल उजव्या, असं चार तास. खाच नीट दिसली नाही तर रकाना रिकामा सोडा. अंदाजाने भरलेली नोंद पुढे कोणाला तरी चुकीच्या हत्तीच्या मागे फिरवते. गालावरून काळा ओघळ आणि मागचे पाय ओले दिसले तर नर मस्तात, म्हणजे माजावर आहे. तेव्हा फोटो विसरा, गाडी मागे घ्यायची असते.

गेंड्याच्या भागात काम असेल तर फोनमधलं ठिकाण नोंदवणं बंद ठेवा. शिकारी टोळ्या फोटोंवरून माग काढू शकतात. २०१४ मध्ये एकट्या दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले.

कागद, लस, कपडे

पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालतंच असं नाही, तेव्हा कोणता परवाना लागतो ते यजमान संस्थेकडून लेखी घ्या. केनिया-युगांडासारख्या पीतज्वराच्या देशातून परतताना लसीचा दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, आणि ही लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, झांबिया-झिंबाब्वेत सामान्य माणसाला ते घालायला बंदी आहे. त्से त्से माशीच्या पट्ट्यात गडद निळे आणि काळेही नकोत, तिला पकडायचे सापळे त्याच रंगाच्या कापडाचे असतात.

जून-जुलैत जाणार असाल तर स्वेटर घ्या. आफ्रिका म्हणून मी एक शालही नेली नव्हती, आणि पहाटे चार वाजता सगळे शर्ट एकावर एक चढवून चुलीपाशी बसलो होतो.